गावचा शेवटचा वार

होड्या आणि हत्यारं बोलत असत त्या काळी, दूरच्या शहरात धार लावून घेऊन एक तरुण बरची उत्तरेच्या बर्फाळ समुद्राकाठी आपल्या गावी परतली. तिला वाटलं होतं, गावात शिकारीची नुसती धांदल असेल. पाहते तर समोरून देवमासे चाललेत आणि शिकारी काठावर स्वस्थ बसलेत!

“घाबरलात की काय सगळे?” तिने म्हाताऱ्या कातडी होडीला टोमणा मारला.

होडी हसली. “अगं पोरी, देवमासे संपू नयेत म्हणून साऱ्या गावांनी बरचीचे वार मोजून वाटून घेतलेत. आपला एकच उरलाय. मासा जखमी होऊन निसटला, तरी तो वार संपला. मग हिवाळाभर गाव खाणार काय?”

“माझा नेम नाही चुकायचा!”

“आजवर आपल्या गावाचा एकही चुकलेला नाही. आता तू आहेस.”



दुसऱ्या दिवशी सकाळी होडीपासून जरा लांब एक प्रचंड देवमासा वर आला. शिकाऱ्याने बरची उचलून विचारलं, “पोचशील का गं?”

तिचं सारं पोलाद शिवशिवत होतं. तरी ती म्हणाली, “नाही. जवळ येईल त्याचीच वाट पाहू.”

देवमासा निघून गेला. तेव्हा शेजारच्या गावाच्या होडीला ऐकू जाईल अशा बेताने म्हातारी होडी म्हणाली, “आमची आहे हो ही!”