चोरकला आणि वैद्यक

एका राज्यात असा रिवाज होता की मोहिमेवर निघणाऱ्याने आधी विद्यामंडपात जावे आणि तिथल्या विद्यांपैकी दोन निवडाव्यात. एकच घेणारा अर्धा राही, तिसरी मागणारा आधीच्या दोन्ही गमावी, आणि घेतलेली विद्या बदलून मिळत नसे. मंडपाची राखण एक वृद्ध साळुंकी करी. ती माणसासारखी बोले, पण माणसापेक्षा कमी बोले, हे तिचे मोठेपण.

त्या राज्याचा राजा वज्रबाहू पायांपासून सोन्याचा होत चालला होता. मायावी नागाशी युद्ध करून त्याने एक रत्नहार जिंकून आणला होता. निदान दरबारात तो तसे सांगे. त्या हाराचाच हा शाप. सोने कमरेपर्यंत चढले होते, हृदयाशी पोहोचले की राजा संपला. हार जिथला तिथे गेला तरच शाप सुटणार होता.

थोरला राजपुत्र रणशूर मंडपात गेला. त्याने खड्गविद्या घेतली आणि अग्निमंत्र घेतला, कारण मिरवणुकीत दोन्ही शोभून दिसतात.

"लोखंड अंगावर असले की मंत्र मुका होतो," साळुंकी म्हणाली.

"मंत्राच्या वेळी खड्ग म्यानात घालीन," राजपुत्र म्हणाला.

आता म्यानही कमरेलाच असते, हे राजपुत्राला कोणी शिकवावे! नागाकडे जाणाऱ्या वाटेवर तीन दारे होती. पहिल्याच दारी दगडी राक्षसासमोर मंत्र फुटेना, आणि खड्ग म्यानातून निघेपर्यंत राक्षसाने त्याला उचलून राज्याच्या वेशीत फेकले. तो लंगडत घरी आला.

मग धाकटी राजकन्या इंदुलेखा उठली. "मला वैद्यक हवे, आणि चोरकला."

दरबार हसला. राजा हसला नाही. "राजाची लेक चोर झाली हे ऐकण्यापेक्षा मी सोन्याचा झालेला बरा."

"तात, हार गुपचूप ठेवून यायचा आहे. ज्याला गुपचूप उचलता येते, त्यालाच गुपचूप ठेवता येते."

राजाने तोंड फिरवले. आशीर्वाद दिला नाही. ते तिला फार लागले, पण ती मंडपातून दोन्ही विद्या घेऊन, हार बांधून निघाली.

पहिल्या दारी दगडी राक्षस होता. तो झोपत नसे, पण डोळे मिटून उघडी. प्रत्येक मिटण्यासरशी ती एक पाऊल पुढे सरली आणि पार झाली. दुसऱ्या दारी चालते काटेवन होते. तिने पाय रक्तबंबाळ करून घेतले, पाल्याचा रस लावला आणि तशीच पुढे गेली.

तिसऱ्या दारी नागाची गुहा. धनाच्या राशीवर नाग निजला होता. ती चोरपावलांनी जवळ गेली, हार राशीत सोडणार, तोच तिला नागाचा गळा दिसला. खवले उपटलेले, जखम चिघळलेली, आणि जखमेची रुंदी नेमकी हाराएवढी. युद्ध झालेच नव्हते. तिच्या बापाने निजलेल्याच्या गळ्यातून हार ओढला होता. लाजेने तिला मान वर करवेना. पण ती खाली बसली आणि जखम धुऊ लागली.

नागाने डोळा उघडला. "तू कोण?"

"चोराची मुलगी."

"हार टाक आणि जा. तुला मारीत नाही."

"जखम भरल्याखेरीज हार घालता येणार नाही. हलू नका."

नाग हलला नाही. जखम भरली, नवे खवले आले, तेव्हाच तिने हार त्याच्या गळ्यात घातला. इकडे राजवाड्यात सोने राजाच्या छातीवरून उतरले आणि धुळीसारखे गळून पडले.

ती परतली तेव्हा राजा स्वतःच्या पायांनी वेशीपर्यंत आला होता. मागे सारा दरबार.

"कोणती विद्या कामी आली, बाळ?"

"दोन्ही, तात. चोरकलेने आत गेले. वैद्यकाने तुम्ही केलेली जखम भरून आले."

सगळ्यांनी ते ऐकले. राजाला वेळ मारून नेता आली असती. राजांना ती सवय असतेच. पण तो म्हणाला, "मी युद्ध केले नव्हते. या घरातला चोर मी."

मग जे राजे करीत नाहीत ते त्याने केले. भर रस्त्यात तो लेकीसमोर मांडी घालून बसला, तिचे पाऊल मांडीवर घेतले आणि त्यात रुतलेले काटे एकेक करून काढू लागला.

"दुखते का गं?"

"आता दुखते," ती म्हणाली, आणि साऱ्या वाटेत जी रडली नव्हती, ती मोठ्याने रडली.