मगात बसलेलं ब्लेड

माणसं न्हाव्याची वाट बघायचं सोडून घरीच आरशापुढे बसू लागली, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा वस्तू आपसांत बोलत.

धोंडीराम लोहकरे दाढी झाली की ब्लेड पुसत, धार राहावी म्हणून ते काचेच्या पेल्याला आतून घासत आणि खोबरेल लावून ठेवत. ब्लेडची सारखी चुळबुळ चाले.

"काम संपलं, तरी ही रगडारगड कशाला?" ते पेल्याला म्हणे. "तो ब्रश बघ, मगातल्या पाण्यात कसा मजेत बसलाय."

"तो केसांचा आहे. तू पोलादाचं आहेस."

"ये की इकडे," ब्रश म्हणाला. "पेल्याला कुरकुरायची सवयच आहे."

एके दिवशी ब्लेड मुद्दाम धोंडीरामांच्या ओल्या बोटांतून निसटलं आणि मगात पडलं. तेवढ्यात दारात हाक आली. ते तसेच गेले. ब्लेडला गार वाटलं. मग धारेला खाज सुटली.

"ब्रशदादा, तुला काही होतंय का?"

"छे. मला तर बरं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच हाताला गालावर रक्त आलं. धोंडीरामांनी ब्लेड उजेडात धरलं. धारेवर तांबूस डाग होते. त्यांनी ते पेल्यात पुष्कळ घासलं.

"अजून जमेल ना रे?" ब्लेडने विचारलं. डाग तसेच राहिले.

ब्लेड खिडकीत गेलं, सुतळी कापायला. पाकिटातून नवं निघालं. दाढी झाल्यावर तेही चुळबुळू लागलं.

"ये, पाणी छान आहे," ब्रश म्हणाला.

"आधी अंग पुसून घे," खिडकीतून जुनं ब्लेड म्हणालं. "आणि गुमान घासून घे."