भोपळीचे पडदे

नदीवर पूल नव्हते आणि गावोगाव जायचं ते होडीनेच, त्या काळातली ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक मुलगी राहत होती, आणि धुक्यात गावच्या होड्या सुखरूप काठाला लागणं तिच्या बोटांवर अवलंबून होतं.

ते असं. घाटाच्या थोडं खाली नदी मोठमोठ्या खडकांत शिरायची. होडी तिथवर गेली की संपलीच. एरवी घाट लांबून दिसायचा, पण थंडीत धुकं असं दाटायचं की नावाड्याला हातातलं वल्हं दिसत नसे. हाकांचा उपयोग नव्हता, कारण समोरच्या कड्यावर आदळून त्या चहूबाजूंनी परत यायच्या. ढोलाचीही तीच गत. म्हणून या गावात पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी घाटावर बसून भोपळी वाजवायचं. तिचा बारीक, धारदार आवाज पाण्यावरून सरळ जायचा.

भोपळी म्हणजे वाळलेल्या भोपळ्यावर बकऱ्याचं कातडं ताणून घरीच केलेलं वाद्य. लांब दांडी, तिच्यावर आतड्याच्या चार तारा, त्यातली एक आखूड. सतारीला असतात तसे पडदे दांडीला नाहीत. सूर कुठे आहे ते बोटाने आणि कानानेच शोधायचं. वाजवायची रीतही पणजोबांच्या काळची. नखाच्या पाठीने तार वरून खाली मारायची आणि लगेच अंगठ्याने आखूड तार छेडायची. घाटाची एक ठरलेली चाल होती. ती कानावर आली की नावाडी डोळे मिटूनसुद्धा काठाकडे वळायचे.

मुलीचे वडील वारले आणि भोपळी तिच्याकडे आली. चाल तिला पाठ होती, पण बोट कधी सुराच्या अलीकडे पडायचं, कधी पलीकडे. मग ते घसरवत घसरवत जागेवर न्यावं लागे. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "बापाचा हात न्हाई बाई आला पोरीला." त्यांना काय, धुणं आपटता आपटता तोंडालाही काम हवं. पण मुलीने ते मनाला लावून घेतलं. जेवताना तिची बोटं ताटाच्या कडेवर सूर शोधत राहायची. धुक्यात चुकलं तर, या विचाराने ताटातलं अर्धं तसंच राहायचं.

त्या वर्षी तिचा थोरला भाऊ पाच जणांना सोबत घेऊन, दोन होड्यांतून, वरच्या जंगलात बांबू आणायला गेला. निघताना म्हणाला, "पंधरा दिसांत येतो. धुकं असलं तर बसशील नव्हं?"

"बसंन की, दादा," ती म्हणाली.

होड्या वळणाआड गेल्या तशी ती सुताराकडे धावली.

"काका, हिला पडदे बसवून द्या. म्हंजे बोट चुकायचंच न्हाई."

"अगं, तुझ्या बापानं कधी बसवलं न्हाईत."

"बा कधी चुकत नव्हता. मी चुकते."

तिचा चेहरा बघून सुताराला नाही म्हणवेना. त्याने बांबूच्या बारीक कामट्या तासल्या आणि सरसाने दांडीवर आडव्या चिकटवल्या. आता बोट कसंही टेका, सूर नेमका. बायका धुणं थांबवून म्हणाल्या, "आता कसं गोड वाजतंय!" कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

पंधराव्या दिवशी सकाळी धुकं उतरलं, आणि असं उतरलं की घाटाची तिसरी पायरी दिसेना. तिने दमट हवेने सैल पडलेलं भोपळीचं कातडं शेकोटीवर शेकून ताठ केलं आणि वाजवायला बसली. होड्यांतल्या माणसांच्या घरचे सगळे मागे येऊन उभे राहिले, सुतारही आला.

बऱ्याच वेळाने वल्ह्यांचा आवाज आला. तो उजवीकडून आला आणि समोरपर्यंत पोचला. तिने मन लावून वाजवलं, एकही सूर चुकला नाही. पण वल्ही वळली नाहीत. आवाज हळूहळू डावीकडे, खडकांच्या दिशेने सरकू लागला.

"अरं, इकडं! इकडं!" सगळे एकदम ओरडले. कड्याने त्या हाका दहा दिशांनी परत फेकल्या. एक म्हातारी मटकन खालीच बसली.

चाल तीच, घाट तोच, मग दादा वळत का नाही? आणि मग तिच्या ध्यानात आलं. तिच्या हातची अशी न घसरणारी चाल दादाने जन्मात कधी ऐकली नव्हती.

शेकोटीजवळ लाकडं फोडायचा कोयता पडला होता. तिने तो उचलला आणि एकेक पडदा उखडायला सुरुवात केली.

"पोरी, खुळी झालीस का? आता चुकलीस तर?" सुतार ओरडला.

"चुकंन," ती म्हणाली.

दांडीवर सरसाचे खवले राहिले होते, ते बोटांना बोचत होते. पहिला सूर पार बेसूर लागला. तिने बोट तसंच दाबून घसरवत वर नेलं. दुसरा सूर पलीकडे पडला, तो मागे ओढला. ती रडत होती आणि वाजवत होती.

वल्ही थांबली. क्षणभर नुसता खडकांवरच्या पाण्याचा आवाज. मग वल्ही जोरजोरात पडू लागली, प्रवाहाच्या उलट, काठाकडे. धुक्यातून एका होडीचं टोक बाहेर आलं, मग दुसरीचं. सहाच्या सहा माणसं घाटावर उतरली.

भाऊ धापा टाकत पायऱ्या चढून आला. "कुठं गेली होतीस गं? आधी कोण वाजवत होतं?"

"मीच, दादा."

"छट्! त्यो तर कुणी पट्टीचा वाजवणारा होता. म्या म्हटलं, वरच्या गावानं आपली चाल उचलली जणू. आपला घाट आजून पुढं हाय, चला. मग तुझं बोट घसरल्यालं ऐकलं, आन् जीव भांड्यात पडला."

"पण बाचं बोट कधी घसरत नव्हतं," ती हुंदके देत म्हणाली.

भाऊ हसला. "घसरायचं की. आमी त्यावरनंच तर वळायचो."

यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: चुकायच्या भीतीने आपला हात परका करून घेतला, तर आपलीच माणसं आपल्यासमोरून निघून जातात.