पहिला तांब्या

एक होते चर्च. दगडाचे, लहानसे. चर्चच्या पायरीखाली होते एक बीळ. बिळात राहायची इवली उंदरी.

इवलीला होता एक धाकटा भाऊ. अगदी कालचा. डोळे मिटलेले. अंगावर केस नाहीत. आणि दिवस होते नाताळचे, कडाक्याच्या थंडीचे!

आई दाणे आणायला गेली होती. धाकटा कुडकुडत होता. इवली बाहेर पळाली, तुरुतुरु तुरुतुरु. रस्त्यावर तिला कापूस मिळाला. पांढरा पांढरा, मऊ मऊ.

तेवढ्यात वारा आला. भुर्र! कापूस उडाला. बैलगाडी आली. खडखड खडखड. एका दारापुढे थांबली. आणि चाक बसले नेमके कापसावर!

इवलीने ओढले. निघेना. दातांनी ओढले. निघेना.

इवली बैलाकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.
"ढवळ्यादादा, ढवळ्यादादा, पाऊल टाक ना!
चाक हलेना,
कापूस निघेना,
धाकटा माझा कुडकुडतो!"
ढवळ्याने शेपूट झटकले. "हूं! सकाळपासून गाडी ओढतोय. पोटात कावळे ओरडताहेत. आधी कडबा, मग पाऊल."

गाडीवाले याकोबकाका ओट्यावर टेकले होते. इवली त्यांच्याकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.
"काका, काका, कडबा घाला ना!
बैल चालेना,
चाक हलेना,
कापूस निघेना,
धाकटा माझा कुडकुडतो!"
काकांनी जांभई दिली. "अगं पिटुकले, माझेच पाय मोडून आलेत. आधी चहा, मग कडबा."

मार्थाकाकू स्वयंपाकघरात करंज्या लाटत होती. इवली तिच्याकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.
"काकू, काकू, चहा कर ना!
काका उठेनात,
बैल चालेना,
चाक हलेना,
कापूस निघेना,
धाकटा माझा कुडकुडतो!"
काकूने कपाळावरचे पीठ पुसले. "काळा चहा ह्यांना चालत नाही, बाई! परवा दिला, तर तोंड कसं केलं! घरात थेंबभर दूध नाही. आधी दूध, मग चहा."

शेळी अंगणात उभी होती. इवली तिच्याकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.
"शेळीमावशी, शेळीमावशी, दूध दे ना!
चहा होईना,
काका उठेनात,
बैल चालेना,
चाक हलेना,
कापूस निघेना,
धाकटा माझा कुडकुडतो!"
शेळीने मान उडवली. "बेंऽऽ! रिकाम्या पोटी दूध येतं का कुठं? आधी पाला, मग दूध."

कुंपणाजवळ होते शेवरीचे झाड. इवली त्याच्याकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.
"शेवरीताई, शेवरीताई, पाला दे ना!
शेळी दूध देईना,
चहा होईना,
काका उठेनात,
बैल चालेना,
चाक हलेना,
कापूस निघेना,
धाकटा माझा कुडकुडतो!"
शेवरी हळूच सळसळली. "मुळं सुकली गं माझी. फांदी वाकवायचीही ताकद नाही. आधी पाणी, मग पाला."

सूर्य टेकडीमागे गेला. इवलीला रडू आले. चूं चूं चूं.

दारात उभी होती सलोमी. मार्थाकाकूची लेक. एवढीशी! खेळून खेळून दमलेली. हातात पाण्याचा छोटा तांब्या. तांब्या ओठांना लावणार, तोच तिला इवली दिसली.
"सलोमी, सलोमी, पाणी दे ना!
शेवरी पाला देईना,
शेळी दूध देईना,
चहा होईना,
काका उठेनात,
बैल चालेना,
चाक हलेना,
कापूस निघेना,
धाकटा माझा कुडकुडतो!"

सलोमीने "आधी" म्हटले नाही. "मग" म्हटले नाही.

तिने तांब्या खाली घेतला. फ्रॉकच्या टोकाने पुसला. दोन्ही हातांनी धरला. डोळे मिटले. म्हणाली, "प्रभू, पहिला तांब्या तुझा. पी हं!" आणि सगळे पाणी शेवरीच्या मुळाशी ओतले. बुडबुड बुडबुड.

शेवरीने फांदी वाकवली. सळसळ सळसळ.
शेळीने पाला खाल्ला. करकर करकर.
काकू चरवी घेऊन आली. शेळीने दूध दिले. चुर्र चुर्र.

काकूने पाहिले. शेवरीची मुळे ओली. सलोमीचा तांब्या रिकामा.
"अगंबाई! तुला तहान लागली होती ना? मग हे कुणी शिकवलं?"
"तूच की!" सलोमी म्हणाली. "रोज सकाळी पहिला तांब्या तू दारात ठेवतेस. येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. पदरानं पुसतेस. डोळे मिटून म्हणतेस, प्रभू, हा तुझा."
काकूने लेकीला उराशी धरले. मग लगबगीने आत गेली.

चहा झाला. खदखद खदखद.
काका प्याले. फुर्र फुर्र.
काका उठले. कडबा घातला.
ढवळ्याने खाल्ला. करम करम. पाऊल टाकले.
चाक हलले. कर्रर्र!
आणि कापूस निघाला. पापडासारखा चपटा! इवलीने फुंकला. फू फू फू. पुन्हा झाला मऊ मऊ.

इवली घरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पायरीशी बसली होती एक मुंगी. गारठलेली.
"ताई, ताई, चिमूटभर कापूस दे ना!"
इवलीने तोंड उघडले. "आ..."
'आधी' अगदी ओठांवर आले होते! तिने मागे वळून पाहिले. दारात सलोमी तांब्याने पाणी पीत होती. गटगट गटगट. इवलीने तो शब्द गिळून टाकला.
"चल आमच्याकडे," ती म्हणाली.

बिळात कापूस पसरला. धाकट्याला पांघरला. मुंगीला पांघरला. धाकट्याचे कुडकुडणे थांबले. आणि तेवढ्यात त्याचे डोळे उघडले. टुक!

पहिल्यांदा काय दिसले त्याला? मुंगीला कापूस पांघरणारी ताई दिसली.

धाकट्याने इवलासा पंजा हलवला. आपला कापूस मुंगीकडे थोडासा सरकवला. सर्रर्र.

चर्चची घंटा वाजली. टण् टण् टण्.
मुंगी निजली. धाकटा निजला. इवली निजली.
आता तूही सरक थोडा. आणि नीज.