चिंधीत बांधलेला दांडा

“ओरिजिनल म्हणजे कशी?” दस्तगीर चाचांनी विचारलं.

“कारखान्यातून निघाली तशी,” मी म्हणालो. “हा दोन सीटांमधला खालचा गिअर काढा. पूर्वीचा स्टिअरिंगजवळचा परत बसवा. रविवारच्या आत.”

चाचा गॅरेजच्या कोपऱ्यात चहा ठेवत होते. मिरजेत जुन्या फियाटचं काम त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. माझा थोरला भाऊ, रणधीरदादा, सगळं त्यांच्याच हाताखाली शिकला.

दादाला जाऊन दीड महिना झाला. कावीळ झाली. बाराव्या दिवशी गेला.

मागे राहिली ही फियाट.

“रविवारी काय आहे?”

“जुन्या गाड्यांचा मेळावा. गेल्या वर्षी तिथल्या परीक्षकानं चारचौघांत दादाला विचारलं, गिअर खाली कुणी आणला? चांगल्या गाडीची वाट लावलीत म्हणाला. सगळे हसले.”

“दादा काय म्हणाला?”

“हौस होती साहेब, म्हणाला.”

चाचांनी चहात आलं ठेचून टाकलं.

“यंदा मी गाडी ओरिजिनल करूनच नेणार,” मी म्हणालो. “बघू दादाला कोण हसतंय.”

“त्या दिवशी तू काय म्हणालास?”

...

त्या दिवशी परत येताना मी दादाला म्हणालो होतो, कशाला नसते उद्योग केलेस, तुझ्यामुळं मान खाली घालावी लागली. दादानं गिअर बदलला आणि विचारलं, भूक लागली का रे तुला?

हे मी चाचांना सांगितलं नाही.

ते उठले, गाडीचं दार उघडून आत वाकले. खालच्या गिअरच्या बुडाशी असते ती रबराची टोपी उपटून बाजूला पडली होती.

“हे कुणी केलं?”

“मी. म्हटलं, सुरुवात तरी करावी.”

“नुसत्या हातानं?”

“हो.”

“बरं झालं पाना सापडला नाही तुला. इंजिन पिशवीत घालून आणलं असतंस.”

मग ते आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून एक लांबट गाठोडं घेऊन आले. चिंधी दादाच्या जुन्या चौकड्याच्या शर्टाची होती. मी लगेच ओळखली.

आत गिअरचा जुना दांडा होता. तेल लावून ठेवलेला. गंजाचा एक ठिपका नाही.

“बस स्टिअरिंगवर,” चाचा म्हणाले.

ते माझ्या शेजारच्या सीटवर बसले आणि तो दांडा पूर्वी जिथं असायचा तिथं, स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला, दोन्ही हातांनी धरला.

“समज, गाडी चालू आहे. टाक पहिला.”

“कसा?”

“वर उचल.”

मी डावा हात उचलला...

चौदाव्या वर्षी मी उसाच्या ट्रॉलीवरून पडलो होतो. तेव्हापासून डावा हात छातीच्या वर जात नाही. इतकी सवय झालीय की माझ्या ध्यानातही नसतं.

बोटं दांड्याला लागली. दांडा वर गेला नाही. मी वाकून बघितलं, खांदा पुढं टाकून बघितला. शेवटी उजवा हात आडवा घालून दांडा धरला.

“स्टिअरिंग कुणी धरलंय?” चाचांनी विचारलं.

...

मी या गाडीशिवाय दुसरी गाडी कधी चालवलीच नव्हती. दहावीत नापास झालो त्या उन्हाळ्यात दादानं शिकवली. म्हणाला होता, एक तरी गोष्ट तुला माझ्यापेक्षा चांगली आली पाहिजे.

“चाचा, गिअर खाली कधी आणला?”

“त्याच उन्हाळ्यात. चार दिवस या फरशीवर उताणा पडून होता, गाडीखाली. मी म्हटलं, लेका, लोक नावं ठेवतील. म्हणाला, ठेवू द्या.”

“मला का नाही सांगितलं?”

चाचा दांड्याकडे बघत म्हणाले, “हा मी भंगारात टाकत होतो. तुझा दादा म्हणाला, राहू द्या चाचा. धाकट्याचा हात बरा झाला की परत बसवू.”

...

मी कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.

चहा उतू गेला. चाचा उठले नाहीत. दांडा तसाच धरून बसून राहिले, जणू गाडी खरंच चालू होती.

मग त्यांनी दांडा पुसला, चिंधीत बांधला आणि पेटीत परत ठेवला. रबराची टोपी मात्र माझ्या हातात दिली. ती मी बसवली. चारही कडा दाबून बसवली, दादा बसवायचा तशी.

उरलेला चहा चाचांनी दोन कपांत गाळला. मी खिशातून मेळाव्याचा कागद काढला. त्यावर दोन चौकोन होते. एकापुढं लिहिलं होतं ओरिजिनल, दुसऱ्यापुढं बदललेली.

“चाचा, खूण कुठं करू?”

चाचांनी चष्मा लावला, कागद नीट वाचला आणि माझ्याकडे परत दिला.

“ओरिजिनलवर कर.”