हौसाआत्याचं नाव

"पण त्या शब्दाचा अर्थ तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

शिदबा बुवा देवळाच्या पायरीवर बेल निवडत होते. "नाही बाबा. तू सांग."

धैर्यशील वकिलीचं शिक्षण दुसऱ्या वर्षाला सोडून गावी आला होता. शिकलेलं दुसऱ्याच्या तोंडावर फेकायची खोड तेवढी राहिली होती.

"अ‍ॅफिडेव्हिट. मूळ लॅटिन. 'त्यानं आपल्या इमानावर सांगितलं.' इमानावर, बुवा! आणि आमचे तात्या इमानावर काय सांगतात? आजोबांना मुलगी नव्हतीच. हौसाआत्या नदीपलीकडं धडधाकट नांदतेय आणि कागदावर जन्मलीच नाही."

तात्या, त्याचे वडील, खांबाला टेकले होते. "जगरहाटी आहे ती. दर दिवाळीला चोळीबांगडी करतोच की तिला."

"जमीन तिची, चोळी तुमची. वा रे भाऊ!"

"बुवा, सांगा ह्याला. साक्षीदार म्हणून ह्याची एकच सही राहिलीय. तुमच्या शब्दाबाहेर जायचा नाही."

"जाणार," धैर्यशील म्हणाला. त्यानं कागद पायरीवर आपटला. "पहिला साक्षीदार कोण, ते वाचलंय मी. न वाचता सही ठोकलीत ना?"

"वाचून केली," बुवा म्हणाले.

"का?"

"तात्यानं देवळावर पत्रा घातला होता."

धैर्यशील हसला. वाईट हसला. "देव कोरडा राहिला म्हणायचा."

बुवा उठले. बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा त्यांनी तात्यांपुढं धरला. "घे हातात. आता तेच मोठ्यानं वाच."

बेलभंडार उचलून खोटं बोलणारा माणूस त्या पंचक्रोशीत अजून जन्मायचा होता. कचेरीत रोज दहा जन्मत.

तात्यांनी हात मागं घेतले. "कचेरीला सही पुरते, बुवा."

बुवांनी पान स्वतःच्या तळहातावर ठेवलं. कागदाकडं पाहिलं. ओठ हलले...

आवाज फुटला नाही.

"फाडा तो कागद!" धैर्यशील ओरडला. "लाज असेल तर आत्ताच्या आत्ता फाडा!"

बुवांनी कागदाची नीट घडी घातली आणि धैर्यशीलच्या खिशात सारली.

"फाडायचा नाही. नदी उतर आणि हौसाला दे. म्हणावं, फिर्यादीत आरोपी म्हणून पहिलं नाव माझं घाल."