पडद्याचा मान

नेमून दिलेले काम सोडून दुसऱ्याचा मान हिसकावणाऱ्याचे काय होते, ठाऊक आहे?

एका संगणकात दोन ग्राफिक्स कार्डे नांदत होती. मालकीण सुलक्षणाताईंनी थोरल्याला चित्रपटाची दृश्ये घडवायला बसवले होते आणि धाकट्याला ती पडद्यावर दाखवायला. चित्रपट संध्याकाळी देवळात मुलांना दाखवायचा होता.

"राबतो मी आणि लोक पाहतात तुझ्याकडे," थोरले कुरकुरले. "पडदा मला दे."

"दादा, दोन्ही करशील तर तापशील."

"मला शिकवतोस?" म्हणत थोरल्याने पडदा बळकावला. दुपारीच ते तापले, पडदा गोठला आणि काम अडले.

सुलक्षणाताईंनी उरलेली दृश्ये धाकट्याकडे सोपवली. देवाचे नाव घेत त्याने ती आरतीपूर्वी पुरी केली. थोरल्याला पडदा मिळाला, पण कोपऱ्यातला जुना. त्यावर ते आजन्म केवळ घड्याळ दाखवत राहिले.